वडिलांच्या सहीचा रकाना

अन्याय झाला तो आमच्या गल्लीतल्या बारावीच्या एका मुलीवर आणि तिच्या आईवर. मागच्या दिवाळीच्या सुट्टीच्या पहिल्या दिवशी, सकाळी नऊ वाजता, भोकरदन तालुक्यातल्या एका मुलींच्या वसतिगृहाच्या फाटकावर. आई मुलीला न्यायला आलेली. नवीन सॉफ्टवेअर म्हणे, वडिलांच्या मोबाइलवर आलेला ओटीपी सांगा, त्याशिवाय फाटक उघडणार नाही. वडील वारून सहा वर्षं झालेली. दिवसभर मायलेकी गजांच्या दोन बाजूंना बसून राहिल्या आणि शेवटच्या बसनं आई एकटीच परत आली.

मी पत्रक काढलं. मथळा ‘यंत्राची हुकूमशाही’. आज वाचताना लाज वाटते. यंत्राला शिव्या घातल्यानं कुणाचीही सुटका होत नाही. रेक्टर मॅडमनी पत्रक वाचलं, घडी घालून ठेवलं आणि मला समोर बसवून सॉफ्टवेअर बनवणाऱ्या सरांना बोलावलं. ज्यावरून सॉफ्टवेअर बनवलं, तो रजेचा कोरा छापील नमुना सरांनी पुढं केला. त्यात रकानाच होता: वडिलांची सही. ते म्हणाले, “ताई, आम्हाला नियम लागतो. गोष्टी सांगून उपयोग नाही.”

फाटक सांभाळणाऱ्या मावशी दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांना हसू आलं. “कोऱ्या कागदाला काय विचारता? भरलेलं रजिस्टर बघा की.”

त्यांनी जुनी रजिस्टरं आणून टेबलावर आपटली. ‘वडिलांची सही’ याच रकान्यात पानोपानी आयांचे अंगठे, मामांच्या सह्या, एका आजीचं थरथरतं नाव. वर्षानुवर्षं हेच चालत आलेलं, आणि मॅडमना ते ठाऊक होतं. फक्त कुणी लिहून ठेवलं नव्हतं. मावशींचा खरा नियम असा, की पोरगी आलेल्या माणसाला बघून पुढं येते का ते आधी बघायचं, मग मॅडमना विचारायचं.

“एका पोरीनं बापाला बघून तोंड फिरवलं,” मावशी म्हणाल्या. “तवा म्या फाटक उघडलं न्हाई. तुमच्या मशीननं बराबर उघडलं असतं.”

सरांनी वही काढली. पुढचे तीन दिवस आम्ही तिथंच बसलो. न्यायला कोण येऊ शकतं, कुणाला विचारलंच पाहिजे, ते माणूस नसेल तर कुणाला, आणि थांबवायचा हक्क कुणाला, सगळं लिहून काढलं. थांबवायचा पहिला हक्क मुलीला. त्यावर मॅडमनी थोडी कुरकुर केली. मी हटले नाही, मावशी तर बिलकुल नाही.

सरांनी त्याप्रमाणं सॉफ्टवेअर बदललं, आणि संक्रांतीच्या सुट्टीत आईचाच मोबाइल वाजला. तिनं सहाही आकडे असे खणखणीत वाचले की रस्त्यापलीकडचा चहावाला वळून बघायला लागला. फाटक उघडलं. मायलेकी दुपारच्या बसनं घरी.

आम्ही जिंकलो, आता तुमची पाळी. तुमच्या शाळेत, दवाखान्यात, कचेरीत नवीन सॉफ्टवेअर येणार असेल, तर ते बनवणाऱ्याच्या हातात कोरा फॉर्म देऊ नका. भरलेली रजिस्टरं द्या, आणि ती ज्यांनी भरली त्यांना शेजारी खुर्ची द्या. याच आठवड्यात द्या.