निळ्या चकमकी

सिद्राम लोहाराची चकमक पेटत नाही, असं तुमच्यापैकी काही जणांनी लिहिलं होतं.

खरंच पेटत नव्हती.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं. माझ्या फेसबुकच्या यादीत ट्रेकिंगवाले बरेच आहात, म्हणून इथं लिहिते. शेवटपर्यंत वाचा.

चकमक म्हणजे मुठीत मावेल एवढं वाकवलेलं पोलाद. गारगोटीच्या धारेवर मारलं की ठिणगी उडते, ती कापसावर धरायची. आधी आमच्याकडं मेंढपाळ यायचे चकमकीसाठी. रानात वाऱ्यापुढं काडीपेटी टिकत नाही.

आमचे हे ती जुन्या कानशीपासून बनवायचे. भट्टीपुढं भरदुपारी पोतं बांधून अंधार करायचे, कारण उन्हात लोखंडाचा रंग कळत नाही. भाता मी फिरवायची. चकमक लाल झाली की जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक लावून बघायचे. चुंबक धरेनासं झालं की लगेच पाण्यात.

मग प्रत्येक चकमक स्वतः तीनदा मारून बघायची. तीनदा ठिणगी पडली तरच 'सि' असा शिक्का असलेली चकमक घराबाहेर जायची.

एवढंच एक अक्षर त्यांना नीट यायचं.

मी चौथीपर्यंत शिकले. पुढचं वाचन किराण्याच्या पुड्यांवर झालं, नंतर वाचनालयातल्या पुस्तकांवर. घरात आलेला प्रत्येक कागद मी मोठ्यांदा वाचायची आणि हे ऐकायचे.

पुण्याचे एक साहेब आले. ट्रेकिंगचं सामान विकतात. नाव लिहीत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

म्हणाले, "काका, जरा निळी झाक येऊ द्या ना. फोटोत उठून दिसते."

"निळी करायची म्हंजे परत तापवायची. पाणी उतरतं, साहेब. नरम पडती. मग ठिणगी कुटली? बाईच्या अंबाड्यात खोचा, लई शोभंल."

साहेब हसले. "भारी बोलता काका."

काळ्या, खडबडीत चकमकी घेऊन गेले. तिकडं गॅसच्या बर्नरवर धरून निळ्या केल्या. शिक्का यांचाच.

मग साहेबांच्या पेजवर कमेंट यायला लागल्या.

"वाच की," हे म्हणायचे.

मी वाचायची. पेटत नाही. शोभेची वस्तू आहे. गावठी कारागिरानं फसवलं.

"पुढं?"

पुढं साहेबांचं उत्तर होतं. 'तक्रारींबद्दल क्षमस्व. सदर कारागिराचे काम बंद केले आहे.'

तेही मी वाचलं. जसंच्या तसं. वाचायला शिकल्याचा मला तेवढा एकदाच पश्चात्ताप झाला.

चार दिवसांनी पार्सल आलं. परत पाठवलेल्या चकमकी. सगळ्या निळ्या, मोराच्या मानेसारख्या. दिसायला खरंच सुंदर होत्या.

यांनी एक घेतली, गारगोटीवर मारली. काही नाही. दुसरी घेतली. काही नाही. मग शिक्क्यावरनं अंगठा फिरवत बसले.

"सुमन, पोतं बांध."

आठवडाभर दुसरं काम घेतलं नाही. प्रत्येक चकमक परत लाल केली, परत पाणी दिलं, परत तीनदा मारली. सगळ्या पेटल्या.

मी साहेबांना फोन केला. म्हणाले, "ताई, तो आयटम आम्ही बंद केलाय."

ते ऐकून हे एवढंच म्हणाले, "आयटम जाऊ दे. त्यांच्या उत्तराखाली लिव. निळ्या मी केल्या न्हाईत म्हनून लिव."

मी लिहिलं. तासाभरात डिलीट झालं.

परत लिहिलं. परत डिलीट. तिसऱ्यांदा मला ब्लॉकच केलं.

घरी हे विचारायचे, "लिवलं का? काय म्हंत्यात लोक?"

मी मोबाईल हातात धरला आणि वाचायला लागले. "बार्शीचे एक जण म्हणतात, काका, आम्हाला खरं कळलं. एक बाई म्हणतात, माझ्याकडची काळी आहे, पहिल्या फटक्याला पेटते."

समोर काहीच नव्हतं. साधा वॉलपेपर होता.

रोज दोन-तीन कमेंट वाचायची. आयुष्यभर त्यांना लिहिलेलंच वाचून दाखवलं होतं. शेवटच्या तीन महिन्यांत न लिहिलेलं वाचलं.

एकदा म्हणाले, "सगळीच चांगलं म्हनाय लागली व्हय गं?"

"होय की."

लोखंडाचा रंग बघायचे, तसं माझ्याकडं बघितलं. मग चहा मागितला. परत कधी 'वाच' म्हणाले नाहीत.

त्यानंतर पंधरा दिवसांत गेले. हार्ट. त्यांना माझं खोटं कळलं होतं का, हे मी कुणाला विचारू?

आज सकाळी भाचीनं तिच्या मोबाईलवर दाखवलं. साहेबांनी यांचा फोटो टाकलाय. भट्टीपुढचा, मी काढलेला. 'अस्सल मातीतला कलावंत. प्रथम स्मृतिदिनी भावपूर्ण श्रद्धांजली.' खाली हात जोडलेल्यांची रांग.

साहेब, तुमची श्रद्धांजली मला नको. त्या जागी एक ओळ लिहा. निळ्या आम्ही केल्या. तीनच शब्द आहेत.

आणि ज्यांच्याकडं 'सि' शिक्क्याची निळी चकमक असेल, त्यांनी कुंभारी रस्त्याला आमच्या शेडवर आणून द्या. भट्टी मोडलेली नाही. किती लाल झाल्यावर पाण्यात टाकायची, ते भाता फिरवून फिरवून माझ्याही डोळ्यांना कळतं. तीनदा मारून दाखवीन, मग घेऊन जा.

अहो, हे सगळं आत्ता तुमच्या फोटोपुढं उभं राहून मोठ्यांदा वाचलं.

या वेळी खरंच लिहिलेलं आहे.

या आता तुम्ही, निवांत.

— सुमन