आजची केळी, परवाची केळी

इराप्पांकडून केळी विकत घेणं ही सोपी गोष्ट नव्हती. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, शाळेत नवीनच रुजू झालो असताना, गंगावेशीतल्या त्यांच्या वखारीपुढे मी पहिल्यांदा उभा राहिलो आणि म्हणालो, "डझनभर केळी द्या." फळीवर बसलेला जाड भिंगांच्या चष्म्याचा माणूस जागचा हलला नाही.

"कधी खाणार, पावणं?"

मला चेष्टा वाटली. "भूक लागली की," मी म्हणालो.

"भूक आज लागणार का परवा?"

परवा घरी पाहुणे येणार होते, ते मी सांगून टाकलं. पुढे टांगलेल्या पिवळ्याधमक फण्यांकडे त्यांनी पाहिलंही नाही. आत जाऊन एक पोपटी फणी आणली, देठाजवळ अंगठ्यानं दाबली आणि माझ्या पिशवीत ठेवत म्हणाले, "परवा दुपारी चारच्या पुढं. त्याच्या आत हात लावायचा न्हाय." मी अर्थातच दुसऱ्या दिवशी सकाळी हात लावला. तुरट लागलं. आठवड्याने तक्रार घेऊन गेलो, तर माझं तोंड उघडायच्या आत त्यांनी विचारलं, "सकाळीच खाल्लासा न्हवं?"

त्या दिवसापासून मी त्यांच्याशी खोटं बोललो नाही. त्याचा काही उपयोग नसे.

त्यांच्याकडे एकाच घडातल्या केळ्यांना तीन दर असत. आज खायची सगळ्यांत महाग, उद्याची त्याहून कमी, परवाची आणखी कमी. गिऱ्हाइकं चक्रावत. "दोन दिवस तुमी तुमच्या घरात सांभाळणार," इराप्पा समजावत, "मग माझ्या वखारीचं भाडं तुमी का द्यायचं?" मी शाळेत अर्थशास्त्र शिकवत होतो. एवढीच गोष्ट सांगायला आमच्या पुस्तकाला एक धडा आणि दोन आलेख लागत, आणि तरी ती मुलांना कळत नसे. एकादशीच्या आदल्या दिवशी सगळी गंगावेस दर चढवायची. इराप्पांचा दर तोच राही. ही काही साधुवृत्ती नव्हती. "एकादशी काय अचानक येती व्हय? कॅलेंडरात छापल्याली अस्ती. आठ दिस आदी घड लावल्यात मी," ते म्हणत. बाकीच्यांना दर वाढवावा लागतो तो त्यांच्या आळसापायी, असं त्यांचं ठाम मत होतं आणि ते शेजारच्या दुकानात ऐकू जाईल अशा आवाजात मांडलेलं असे.

ते मूळचे शिरोळकडचे. घरात कन्नड, दारात मराठी, आणि केळ्यांशी दोन्ही. वखार म्हणजे बिनखिडकीची एक अंधारी खोली. खाली भाताच्या काडाची पिंजर, त्यावर घड, कोपऱ्यात शेणीची धुरी, आणि दार बंद. कुठला घड कधी आत गेला हे कुठेही लिहिलेलं नसे. ते दारात उभे राहून नुसता वास घेत आणि सांगत, "डावीकडची उद्या." पुढे बाजारात पावडर आली. पावडरीची पुडी ठेवली की रात्रीत सगळा घड पिवळा. साल पिवळी, आत मात्र कच्चं. इराप्पांनी ती वखारीत येऊ दिली नाही. "शेरवानी घाटली म्हणून कोण नवरदेव हुतंय व्हय?" एवढंच त्यांचं त्यावर भाष्य होतं.

त्यांना एकुलता एक मुलगा, बसवराज. बसू बी. कॉम. झाला आणि वखारीत बसू लागला, पण त्याच्या खिशात पुण्याच्या एका कंपनीचं नोकरीचं पत्र होतं. शहरात तेव्हा काचेचं एक मोठं दुकान नुकतंच उघडलं होतं. बसूने खटपट करून तिथे केळी पुरवायचं काम मिळवलं. हे जमलं तर इथेच राहतो, नाहीतर पुण्याला जातो, असं त्याने वडिलांना सरळ सांगितलं. त्यानंतर आठवडाभर इराप्पा गिऱ्हाइकांना दोनदा दोनदा "कधी खाणार?" विचारत होते.

दुकानाची अट अशी, की माल तीनदा परत आला तर व्यवहार बंद. पहिल्याच खेपेला दुकानाचे क्वालिटी मॅनेजर वखार बघायला आले. गळ्यात टाय, हातात एक कार्ड. कार्डावर केळ्याच्या सात छटा छापलेल्या, हिरव्यापासून ठिपकेदार पिवळ्यापर्यंत. माल चौथ्या छटेचा हवा, सातव्या छटेचा रिजेक्ट, असं त्यांनी इंग्रजीत आणि मग हळू आवाजात मराठीत सांगितलं.

इराप्पांनी कार्ड नाकाजवळ नेलं. "सातव्याला काय म्हणालासा?"

"रिजेक्ट."

"सातव्याला तर आमी देवापुढं ठेवतो की."

पहिला माल ठिपक्यांपायी परत आला. इराप्पांनी तो फळीवर मांडला आणि 'आज खायची' म्हणून सगळ्यांत वरच्या दराने विकला. तासाभरात संपला. बसूला मात्र हसू आलं नाही. दुसऱ्या खेपेला माल बेताचा हिरवा दिला, तर तो तीन दिवसांनी काळा पडून परत आला. आता एकच संधी उरली होती.

त्या संध्याकाळी मी गेलो तेव्हा इराप्पा वखारीच्या दारात उभे होते आणि त्यांच्या हातात कागदाची एक पुडी होती. ती कसली हे विचारायची गरज नव्हती. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "एकडाव घालतो, मास्तर. पोरगं ऱ्हाईल."

बसू आतून आला. त्याने वडिलांच्या हातातली पुडी काढून घेतली, इतक्या सहज, की जणू त्यांच्याकडून पिशवी घेत होता. "आप्पा, ही घालून ऱ्हाण्यापरीस मी पुण्याला गेल्यालं बरं," तो म्हणाला. मग फळीवर बसला आणि म्हणाला, "त्या दुकानवाल्यास्नी कधी विकणार ते इचारलं का आपण?"

येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला, शाळकरी पोरांना, एकदा तर पत्ता विचारायला थांबलेल्या हवालदारालाही जो प्रश्न इराप्पांनी विचारला होता, तो सगळ्यांत मोठ्या गिऱ्हाइकाला विचारायचा राहून गेला होता.

"काचंचं दार बघून इसरलो की रं," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे त्या दुकानात गेलो. मला नेलं ते मी बरं बोलतो या समजुतीने. बोलायची पाळी आली नाही. इराप्पांनी मॅनेजरना विचारलं, "साहेब, केळी कधी विकतासा?" मॅनेजरना ते ठाऊक नव्हतं. गल्ल्यावरच्या मुलीला होतं. गर्दी शनिवार-रविवारी, बाकीचे दिवस शुकशुकाट. मग माल ठेवता कुठे, हा पुढचा प्रश्न. आम्हाला थंड खोलीत नेण्यात आलं. आत पाऊल टाकताच इराप्पांनी खांद्यावरचा टॉवेल कानाला गुंडाळला. "केळ्याला थंडी सोसत न्हाय, साहेब. साल काळी पडती. तुमीच मारलासा त्यास्नी."

तिथेच एका खोक्यात दगडासारखी हिरवी फळं होती. एकेका फळाची किंमत आमच्याकडच्या तीन डझन केळ्यांएवढी.

"हे कधी खायचं?" इराप्पांनी विचारलं.

"ॲव्होकॅडो. इंपोर्टेड आहे," मॅनेजर म्हणाले.

"ते दिसतंय की. पण कधी?"

ते कोणालाच माहीत नव्हतं, आणि म्हणूनच ती कोणी घेत नव्हतं. इराप्पांनी दोन मागून आणली, पिंजरीत केळ्यांच्या शेजारी ठेवली आणि पाचव्या दिवशी आम्हाला बोलावून, मीठ लावून, एकेक फोड दिली. स्वतः बराच वेळ चघळत राहिले. "वाईट न्हाय," ते शेवटी म्हणाले. "बिनविरोध निवडून आल्यागत हाय."

तिसरा माल परत आला नाही. बसू रोज सकाळी दिवसापुरतीच केळी नेऊ लागला, शनिवारी जास्त, आणि ती थंड खोलीबाहेर राहू लागली. पुण्याचं पत्र कुठे गेलं, ते मी विचारलं नाही.

नंतर चार-पाच वर्षांनी इराप्पा अंथरुणाला खिळले. आजाऱ्याकडे जाताना फळं न्यावीत म्हणून मी वखारीत गेलो. बसूने मान वर न करताच विचारलं, "कधी खाणार?" मी म्हटलं, "तुझे वडील खाणार आहेत. उद्या सकाळी." तो आत गेला, बराच वेळ लावला आणि चार केळ्यांची एक फणी घेऊन आला.

इराप्पांनी ती उशाशी घेतली, देठाजवळ अंगठ्यानं दाबली. अंगठ्यात जोर राहिला नव्हता. "कधीची म्हणून दिली?"

"उद्या सकाळची."

"बघू," ते म्हणाले. "तुमीबी या."

सकाळी मी गेलो तेव्हा ते उशीला टेकून माझी वाट बघत होते. एक केळं सोललं, अर्धं माझ्या हातावर ठेवलं, अर्धं डोळे मिटून सावकाश खाल्लं. साल घडी करून ताटलीत ठेवली.

"शिकलं की पोरगं," ते म्हणाले, आणि उरलेल्या तीन केळ्यांकडे बोट दाखवून, "ती दुपारच्या आत संपवा. उद्या ऱ्हाणार न्हाईत."