आप्पांना न आवडलेला सिनेमा

घाटनांदूरच्या आमच्या कापडदुकानात गिऱ्हाईक साडीला ‘छान’ म्हणालं, की माझे सासरे, आप्पा, खूश व्हायचे नाहीत. साडी उचलून त्या बाईला थेट रस्त्यावर घेऊन यायचे. “ट्यूबलाइटखाली सगळंच छान दिसतंय, ताई. उजेडात बघा, मंग म्हना.” यात कित्येक गिऱ्हाइकं हातची गेली. सासूबाई कपाळाला हात लावायच्या.

त्यामुळे भाऊबीजेला आलेल्या नणंदेनं एका कार्टून सिनेमाची तारीफ सुरू केली, तेव्हाच मला धास्ती वाटली. “अख्ख्या जगानं डोक्यावर घेतलाय, आप्पा. रडाल तुम्ही!” सगळे टीव्हीपुढे बसलो. अस्वलांचं कुटुंब. लेकीला पोहण्याचं वेड, पण बाप तिला नदीवर जाऊ देत नाही. शेवटी ती बुडणाऱ्या धाकट्या भावाला वाचवते, बाप तिला मिठी मारतो आणि सगळं जंगल गाऊ लागतं. नणंद रडली, माझा नवरा रडला, मीही रडले. आप्पा तेवढे कोरडे.

“उगंच डोक्यावर घेतलंय,” ते म्हणाले. “रंग लई झ्याक हायत. पन गळ्यात पडला, गानं झालं, की मिटलं? पोरीची इतकी वर्सं वाया घातली. चुकलं म्हनला का तो?”

माझ्या तोंडून निघून गेलं, “तुम्ही तरी कुठं म्हणालात, आप्पा?”

लग्नाआधीपासून मी अंबाजोगाईच्या एका शाळेत शिकवत होते. मुलगी झाली तेव्हा “घरात काय कमी हाय?” म्हणत आप्पांनी ती नोकरी सोडायला लावली. पुढं त्यांनी माझे फार लाड केले, पण तो विषय घरात कुणी काढला नाही. आता त्याच शाळेत जागा निघाली होती, आणि विचारायचं कसं, या काळजीत मी होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला दुकानात बोलावलं. बोलणी खायची तयारी ठेवूनच गेले. शेजारच्या गावचं एक कुटुंब लग्नाचा बस्ता बांधायला आलेलं, दुकान भरलेलं. आप्पा मला रस्त्यावर घेऊन आले, साड्या दाखवायचे तिथंच, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, “सूनबाई, तुमची नोकरी म्या सोडवली. चुकलं माजं. आता जायचं का न्हाई, तुमी ठरवा. पोरीला मी सांभाळतो.”

मी पाया पडायला वाकले, तर म्हणाले, “ते ऱ्हाऊ द्या. आदी अर्ज करा.”

नोकरी मिळाली. आप्पांनी नातीला सांभाळलंही, अगदी शेवटच्या आजारापर्यंत. त्यांना जाऊन आता वर्ष होईल. वर्गात उभी राहते तेव्हा त्यांची फार आठवण येते, आणि त्यांचे उपकार फिटायचे नाहीत असं वाटतं.

त्या सिनेमाचं कौतुक लोक अजून करतात. आप्पांचंच खरं, तो उगाच डोक्यावर घेतलाय. तरी माझा त्याच्यावर राग नाही. त्या अस्वलानं पडद्यावर रीतसर माफी मागितली असती, तर आम्ही सगळे डोळे पुसून जेवायला बसलो असतो.