पोळ्याला सुट्टी घेणारी गाडी

रंगमंचावर मी बावीस वर्षं राण्या केल्या. सिंहासनं पुष्कळ मिळाली. बहुतेक खोक्यांची, वर मखमल टाकलेली, बसताना एका हाताने सावरून धरावी लागणारी. निर्धास्त बसले ती फक्त केरबाच्या गाडीत, त्याच्या डाव्या हाताला, फाटक्या रेक्झिनच्या बैठकीवर. आता गुडघे कुरकुरतात, माणसांची नावं निसटतात, पण त्या इंजिनाचा आवाज अजून कानात आहे. आमच्या मंडळीतल्या नटांवर लिहिणारे आहेत. मी आमच्या ड्रायव्हरवर लिहिते.

केरबा तिकोणा पेठेचा. घरी भातशेती आणि एक बैलजोडी. तेवढं थोरल्या भावाला पुरे म्हणून हा धाकटा धरणाच्या कामावर खलाशी, म्हणजे हरकाम्या मजूर, म्हणून लागला आणि ठेकेदाराच्या गाडीखाली पाठीवर पडून पडून ती गाडी शिकला. गाडी विलायती बनावटीची, डिझेलवर चालणारी, चारही चाकांना जोर लावणारी. ट्रक रुतायचा त्या चिखलातून ही खालच्या गिअरमध्ये म्हशीसारखी सावकाश निघायची. काम सरत आल्यावर ठेकेदाराने ती लिलावात काढली आणि आमच्या नाटक मंडळीचे मालक दत्तोबा यांनी घेतली. लिलावात फक्त गाडी होती. केरबा आपणहून तिच्यामागोमाग वलवणला आमच्या बिऱ्हाडी आला. म्हणाला, "मला ठिवा न्हाईतर नका ठिवू मालक, पर हिला दुसऱ्याचा हात चालायचा न्हाई." मालकांनी ठेवलं.

मैलांचा आकडा तेव्हाच एकदा पुरा फिरून शून्यावरून पुढे निघाला होता. आमचा पेटीवाला नथू त्यावरून छेडायचा, "केरबा, म्हातारी झाली रे तुझी!"

"म्हातारी कशानं? पयला जल्म सरला, हा दुसरा. आता कुटं रांगाया लागलीय."

त्याचं गाडी राखणं कुठल्या पुस्तकातलं नव्हतं. डिझेलचं पिंप आलं की दोन दिवस त्याला हात लावायचा नाही, गाळ तळाला बसू द्यायचा. मग दुहेरी धोतरातून गाळून टाकीत. पिंपातलं शेवटचं चार बोटं डिझेल गाडीला कधीच द्यायचं नाही, ते हत्यारं धुवायला. सकाळी इंजिन चालू केलं की एक विडी ओढून होईपर्यंत निघायचं नाही. घाट चढून आलं की पुन्हा एक विडी होईपर्यंत बंद करायचं नाही. इंजिनातलं ऑइल बोटांवर चोळून, वास घेऊन बघायचा. दर आठवड्याला, कोरड्या रस्त्याला कडेची मऊ माती सापडली की, एरवी मोकळ्या फिरणाऱ्या पुढच्या चाकांनाही इंजिनाचा जोर जोडून तिला थोडं अंतर न्यायचा. "हिला वाटाया नगं, की पुढच्या पायांचं काम संपलं," असं म्हणायचा.

आणि पोळा! भाद्रपदातल्या अमावस्येला मावळात बैलांचा पोळा असतो. आदल्या संध्याकाळी खांदेमळणी, म्हणजे बैलांच्या खांद्याला हळद-तूप चोळायचं. केरबा त्या दिवशी गाडीची खांदेमळणी करायचा. इंजिनाचं, गिअरचं, पुढच्या-मागच्या धुऱ्यांचं, सगळं ऑइल बदलायचं. जिथे जिथे सांधा तिथे तिथे ग्रीस. दुसऱ्या दिवशी गाडी जागची हलायची नाही. एकदा मालकांना पोळ्याच्या दिवशी पुण्याला जायचं होतं. केरबा म्हणाला, "बैलाला आज जू लावता का तुमी?" मालक एस्टीने गेले.

एकोणसत्तर साली मालकांच्या मनाने घेतलं, की ही गाडी आता मोडीत काढायची आणि भाड्याचा ट्रक धरायचा. सोमाटण्याच्या अंबाजी भंगारवाल्याशी बोलणंही झालं. वाईट माणूस नव्हता आमचा मालक. ऐन प्रयोगाच्या दिवशी गाडी कुठे आडरानात बसली तर गावाला तोंड काय दाखवायचं, ही त्याची धास्ती.

केरबाने ते ऐकलं. हातातला पाना खाली ठेवला नाही की आवाज चढवला नाही.

"मालक, घटस्थापनेला आमच्या गावात प्रयोग हाय. सगळं सामान, वर सा माणसं घालून दुधिवरे खिंडीतनं नेतो. वाटंत कुटं बी थांबली, तर दुसऱ्या दिशी मीच तिला सोमाटण्याला घालतो."

"थांबली तर, असं म्हणालास हं," मालक म्हणाले.

"व्हय. थांबली तर."

नथू माझ्या कानाशी लागला, "सरूबाई, हा असा बोलतोय जणू गाडी याच्या पोटची आहे."

घटस्थापना पोळ्याच्या दुसऱ्याच दिवशी. केरबाने खांदेमळणी केली, टाकी काठोकाठ भरली आणि तो घरच्या बैलांच्या पोळ्याला एस्टीने गावी गेला. इकडे आम्हाला राहवेना. याची गाडी उद्या परीक्षेला बसणार आणि आज पोळ्याला नटायचीही नाही? मी पडदे रंगवणाऱ्याकडून ऑइल पेंट मागून आणला. महालांच्या खांबांना लावायचा, तांबडा, दाट. दिव्यांच्या कड्या रंगवल्या, चाकांच्या टोप्या रंगवल्या, आणि बैलाच्या शिंगांची टोकं रंगवतात तसं टाकीचं झाकण चांगले दोन हात देऊन लालभडक केलं. पुढे झेंडूची माळ. नथूने पुरणपोळीचा घास टपावर ठेवला आणि म्हणाला, "कडबा कुठे ठेवू?"

सकाळी केरबा आला, गाडीभोवती एक फेरी मारली. मी लग्नातही एवढं हसलेलं माणूस पाहिलं नाही. "सरूबाई, नवरीच केलीत की हिची!" माळ तेवढी त्याने काढून बाजूला ठेवली, पुढच्या जाळीला वारा लागायला हवा म्हणून. विडी ओढून झाली. आम्ही निघालो. मालक पुढे, मध्ये मी, मागे ट्रंका, पडदे, पेटी आणि चार माणसं.

औंढोली ओलांडली आणि इंजिनाने दोन आचके दिले. मग शांतता. रानातली, अगदी स्वच्छ शांतता.

मालक घड्याळ बघू लागले. तेच जास्त लागलं.

केरबा उतरला. काठी घालून टाकीत डिझेल बघितलं, भरपूर होतं. "लायनीत एअर पकडली असंल," म्हणाला. डिझेलच्या नळीत हवा शिरली की इंजिन घुसमटतं. मग एक नट सैल करून हाताने पंप मारत बुडबुडे बाहेर काढावे लागतात. त्याने ते केलं. गाडी एका हाकेत चालू झाली. आम्ही टाळ्या वाजवल्या. केरबाने वाजवल्या नाहीत. त्याच्या कपाळाला आठी होती. "हवा शिरली कुटनं?" हे तो स्वतःशीच बोलत होता.

तीनेक मैलांवर, खिंडीच्या पायथ्याला, पुन्हा दोन आचके आणि पुन्हा तेच.

"केरबा," मालक हळू आवाजात म्हणाले, "दोनदा झालं. आता पुरे."

"थांबली, खरं हाय. माझा शबुद गेला, तो गेला. पर का थांबली ते बघितल्याबिगर मी हितनं हलायचा न्हाई."

तो पुन्हा टाकीपाशी गेला. झाकण निघेना. दोन्ही हातांनी पिळलं तेव्हा सुटलं, आणि सुटताना टाकीने मोठा श्वास घेतला. सुऽऽस! आम्ही सगळ्यांनी ऐकला, मघाशी तो कुणाच्या ध्यानात आला नव्हता. केरबा तसाच उभा राहिला. मग त्याने झाकण उन्हाकडे धरलं, वरून पाहिलं, उलटं करून पाहिलं, आणि त्याच्या कपाळावरची आठी गेली.

"सरूबाई, तुमचा केसाचा आकडा द्या."

मी अंबाड्यातून आकडा उपसून दिला. झाकणाच्या मधोमध त्याने टोक टेकवलं आणि दाबलं. तांबड्या रंगाची पापडी फुटली. खाली टाचणीच्या डोक्याएवढं भोक होतं. टाकीतलं डिझेल जसजसं कमी होतं, तसतशी या भोकातून हवा आत येते. भोक बुजलं, की पंप नुसता ओढत बसतो आणि डिझेल येत नाही.

हजार माणसांपुढे न अडखळणारी मी, अडखळत पुढे झाले. "मालक," मी म्हटलं, "हा रंग मी लावला. दोन हात दिले. केरबाला ठाऊकही नाही."

"रंग भारी बसलाय पर," केरबा म्हणाला. "पाच वर्षं निघायचा न्हाई."

मागून नथू म्हणाला, "बैलाचं नाक लिंपलं आणि वर म्हणे चाल!"

मालक हसले नाहीत. "आज रंग होता. उद्या दुसरं काही होईल. तेव्हा काय करशील?"

"व्हईल की. एवढ्या मैलांची गाडी हाय, काय ना काय व्हनारच. पर काय झालं ते मला कळंल. भाड्याचा ट्रक बसला तर त्याला इचारणार कुनाला तुमी?"

त्याने झाकण लावलं, हवा काढली, चारही चाकांना जोर जोडला. त्या खिंडीची चढण मी विसरणार नाही. चाकाखाली लाल चिखल, मागे ट्रंकांचा खडखडाट, आणि ती एका लयीत वर वर, कुठे घाई नाही, कुठे दम लागलेला नाही. वर पोचल्यावर मालकांनी पुन्हा घड्याळ बघितलं. तिकोणा पेठेत दुपारी प्रयोग झाला. मी राणी होते आणि मला एकही टाळी ऐकू आली नाही.

रात्री वलवणला परतलो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कुणी न सांगता केरबाने गाडी पुसली, विडी ओढली आणि मालकांना म्हणाला, "चला सोमाटण्याला." मालक बसले. मीही चढले, माझ्याच रंगाने हे झालेलं, घरी बसून राहायचं कसं? वाटेत केरबा गाडी सावकाश, नीट हाकत होता. डोळे कोरडे होते. मान ताठ होती.

अंबाजीच्या आवारात पत्र्यांच्या ढिगाआड अगदी हिच्याच बनावटीची एक गाडी पडली होती, इंजिन काढून घेतलेली, पुढची काच फुटलेली. केरबाने तिच्याकडे पाहिलं मात्र, पाय तिकडे वळले. वाकून खाली बघितलं, पाठ टेकली आणि आत सरकला. बाहेर नुसत्या त्याच्या वहाणा दिसत होत्या.

"मग मालक," अंबाजी आमच्या गाडीच्या टपावर थाप मारत म्हणाला, "ठेवायची ना ही?"

मालक त्या वहाणांकडे बघत होते.

"केरबा," त्यांनी हाक मारली, "काय आहे रे तिथे?"

"मालक, हिचा गिअरबॉक्स चांगला हाय!" खालून आवाज आला. "पुढचा धुरा बी. कमानीपट्टेसुदिक!"

"आपल्याला चालतील?"

वहाणा थोड्या बाहेर सरकल्या. "आपल्याला म्हंजे?"

"आपल्याला म्हणजे आपल्याला. खिंड चढलेल्या गाडीला. काढ काय काय निघतंय ते. अंबाजी, द्यायची नाही ही गाडी. त्याला पाने द्या."

अंबाजी माझ्याकडे बघून म्हणाला, "बाई, हे लोक माल द्यायला आले होते ना?"

केरबा बाहेर आला तेव्हा तोंडाला काळं लागलेलं होतं. मालकांच्या पाया पडायला वाकला, तर मालक मागे सरले, "अरे, हात धू आधी, धोतर पांढरं आहे माझं." दुपारपर्यंत आम्ही तिघांनी मिळून तो गिअरबॉक्स मागे चढवला. राण्या करणाऱ्या या हातांना तीन दिवस ग्रीसचा वास होता. ती गाडी त्यानंतर आमच्या मंडळीत अकरा वर्षं चालली. केरबाही तितकीच वर्षं. रंगाचा डबा मात्र त्याने त्याच दिवशी माझ्याकडून मागून घेतला आणि आपल्या पेटीत कुलपात ठेवला.