कंदुरीचा बोकड आन् तारेवरचं धुणं

आमच्या गावात बोकड राखायला सायरन बसवणारा पहिला माणूस मीच. दुसरा अजून झाला न्हाई.

पोरीला लेकरू झालं म्हणून कंदुरीचा, म्हंजे बोकड कापून जेवण घालायचा, नवस फेडायचा होता. व्याही-मंडळी जेवाया येणार, आन् गावात तर बकऱ्या चोरीला जाऊन राहिल्या होत्या. माझा पोरगा दत्ता हिंगोलीहून मिस्त्री घेऊन आला.

"बाबा, बिनतारी सायरन बसवू. आपलं घर जुनं, मातीचं. भिंत फोडायचं काम न्हाई. ह्या मोबाईलला कुठं तार हाय?"

"म्हणूनच तू माळावर उभा राहून हॅलो हॅलो वरडतो. मला तारच पाहिजे."

(चौथीत शाळा सोडली मी. हट्ट न्हाई सोडला.)

मिस्त्रीनं भिंतीला ड्रिल लावलं. ढेकळं पडली, धूळ बसली, आन् भोकातून शेजारच्या वहिनी दिसल्या, भाकरी थापताना.

"भाऊजी, बोकड राखता का माझी चूल?"

मग भिंत सोडली. अंगणात दोन खांब रोवून वरून तार ताणली, थेट गोठ्याच्या दारापर्यंत. दार उघडलं किंवा तार हलली, की सायरन बोंबलणार.

आता अंगणात ताणलेली तार बाईमाणसाला कशासाठी दिसते? आमच्या मंडळीनं दुसऱ्याच दिवशी तिच्यावर वलं लुगडं टाकलं. सायरन बोंबलला. अर्धं गाव काठ्या घेऊन अंगणात!

"अवो, मला धुण्याला येगळी दोरी बांधून द्या."

"काहून? ही तार काय तुटून राहिली? एकदम मजबूत हाय."

मग रोज धुणं, रोज सायरन. काठ्या कमी होत गेल्या. पुढं पुढं तर बाया म्हणायच्या, "वाजला बघ. त्यांचं धुणं झालं, आपलं बाकीच हाय."

कंदुरीच्या आदल्या दुपारी मी हाटेलीत बसलो होतो. सायरन सुरू झाला. कोणी मान वळवली न्हाई.

"दादा, आज लई येळ वाजून राहिला."

"व्हय," मी ऐटीत म्हणलो. "पाहुणे येणार ना. गोधड्या असतील."

आन् वरून सगळ्यायला चहा सांगितला.

चहा पिऊन घरी गेलो तर मंडळी समोरून आली. डोक्यावर वल्या गोधड्यांचं गाठोडं.

"काहून वाजून राहिला वो? मी तर आत्ता नदीवरून येऊन राहिले."

गोठ्याचं दार सताड उघडं. बोकड गेला होता. तार मात्र जागेवर होती, एकदम मजबूत.

व्याह्यायला पिठलं-भाकर वाढली. त्यायनं चांगलं झालं म्हणत खाल्लं, तेच मनाला जास्त लागलं.

नवस तर फेडायचाच होता. दुसरा बोकड आणला तवा दत्ता म्हणला, "बाबा, आता तरी बिनतारी?"

"बिनतारीच हाय," मी म्हणलो.

गोठ्यापाशी बाज टाकून आता मीच बसतो. तार न्हाई, बॅटरी न्हाई. कोणी अनोळखी दिसलं की जीव तोडून वरडतो. गावातून कोणी येत न्हाई. भिंतीच्या भोकातून वहिनी तेवढ्या इचारतात, "भाऊजी, आज गोधड्या का?"