हॉलमधलं कवठे महांकाळ

ज्या घराच्या हॉलमध्ये रेल्वे असते, तिथे किस्से जमवावे लागत नाहीत. केर काढताना सोफ्याखालून निघतात. माझ्या लग्नाला आत्ता कुठे दहा महिने होतायत, तेवढ्यात सुपली भरलीय. त्यातले बरेचसे सांगताना मान खाली जाते. सुहासमुळे नव्हे, माझ्यामुळे.

सुहास माझा नवरा. दिवसा कारखान्यात इंजिनिअर, संध्याकाळी छोट्या आगगाड्यांची किट जोडणारा. सांगलीच्या आमच्या हॉलमध्ये प्लायवूडवर तो पूर्वीच्या नॅरोगेज गाडीचं कवठे महांकाळ स्टेशन उभारतोय. पाहुण्यांना बसायला उरलेली जागा.

*

लग्नाच्या बायोडेटात छंदापुढे त्याने खरं ते लिहिलं होतं, 'रेल्वेची मॉडेल बनवणे.' मध्यस्थ काकांनी ते खोडलं. "आरं, पोरगं अजून खेळतंय म्हनतील की!" आणि लिहिलं, 'वाचन, प्रवास.'

बघायच्या कार्यक्रमात मी विचारलं, "प्रवास कुठे कुठे झालाय?"

तो प्रामाणिकपणे म्हणाला, "सध्या कवठे महांकाळपर्यंत. सहा फूट."

मला तेव्हा ते काव्य वाटलं!

*

लग्नानंतर पंधरा दिवसांतली गोष्ट. मी केर काढला आणि त्यात डब्याचं एक चाक गेलं, तुरीच्या डाळीएवढं. सुहास आणि त्याचा मित्र, दातांचा डॉक्टर, दोघेही हॉलमध्ये रांगत टॉर्च मारत होते. तेवढ्यात शेजारच्या काकू आल्या.

"काय गं हरवलंय?"

दोन घोडे रांगतायत ते चाकासाठी, हे सांगायला जीभ वळेना. मी म्हणाले, "माझं कानातलं."

काकूंनी पदर खोचला आणि त्याही रांगायला लागल्या. पाऊण तास! चाक त्यांनाच सापडलं. "ह्ये कसलं बारकं मिळालंय बघ," म्हणत त्यांनी ते बाजूला टाकलं आणि पुन्हा शोधायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी दारात येऊन हळूच म्हणाल्या, "तुझं कानातलं मिळू दे म्हणून मी मंगळवार धरलाय."

अजून धरतायत. दर मंगळवारी मी दार लोटून घेते.

*

डोंगराला प्लॅस्टर लागतं, ते डॉक्टर दवाखान्यातून आणतो. एकदा एक आजोबा पत्ता शोधत थेट आमच्या घरी आले. "आवं डाक्टर, माझी कवळी कवा मिळायची? लय दिस झालं की!"

डॉक्टरचे हात कोपरापर्यंत पांढरे. तो चाचरत म्हणाला, "आजोबा, माल जरा संपलाय."

आजोबांनी नव्या कोऱ्या दंडोबाच्या डोंगराकडे पाहिलं. मग डॉक्टरकडे. मग माझ्याकडे.

"सूनबाई, मऊ काय असंल तर द्या खायला."

मी शिरा केला. दुसरं काय करणार?

*

या सगळ्या प्रकाराची लाज न वाटणारी घरात एकच व्यक्ती, माझ्या सासूबाई. त्यांचं माहेर कवठे महांकाळचं. पहिल्यांदा स्टेशन दाखवलं तेव्हा कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, "पान्याचा नळ हिकडं न्हवता. आमी गाडी थांबली की तिकडं पळायचो."

सुहासने तीन आठवड्यांचं काम उखडलं. नळ तिकडे गेला.

*

आता खरं लाजेचं.

माझे आप्पा साताऱ्यात असतात. निवृत्त सुभेदार. फेब्रुवारीत त्यांचा फोन चालू असताना मागे इंजिनाची शिट्टी वाजली.

"कसला आवाज गं?"

"गणपतीचा देखावा, आप्पा. सुहास बनवतोय."

"फेब्रुवारीत?"

"मोठा आहे."

आप्पांनी हे कौतुकाने अख्ख्या गल्लीला सांगितलं. मी सुहासला सांगितलंच नाही. आमच्याकडे गणपती बसतच नाही. तो इस्लामपूरला, थोरल्या दिरांकडे असतो.

चतुर्थीच्या सकाळी आम्ही इस्लामपूरला निघालो होतो. पिशव्या दारात. तेवढ्यात एक गाडी थांबली. आप्पा उतरले, हातात दूर्वांची जुडी. मागून गल्लीतले दोन काका.

"आमचा पहाटेच बसवला आणि निघालो. म्हटलं, जावईबापूंचा देखावा बघूनच येऊ!"

तिघांनी चपला काढल्या, हात जोडून हॉलमध्ये आले. गाडी बघितली, डोंगर बघितला. काका म्हणाले, "व्वा!" आप्पा मात्र कोपरान् कोपरा तपासत होते.

"सुंदर. पण गणपती कुठंय?"

सुहासने माझ्याकडे पाहिलं. मी फरशीकडे. एवढ्या महिन्यांत मी त्याच्या रेल्वेला काय काय म्हणत आले असेन, ते त्याला तेवढ्यात कळलं असावं.

"आणायलाच निघालो होतो, आप्पा," तो म्हणाला आणि बाहेर पडला.

सासूबाईंनी मला स्वयंपाकघरात ओढलं. "एकदा बसवला की दर वर्साला बसवाय लागतोय. ठावं हाय न्हवं?"

"हो, आई."

"मग रडतीस काय? तांब्या भर. त्यो मूर्ती आनंल, त्याचं पाय धुवायचं असत्यात."

अर्ध्या तासात रिक्षा आली. सुहास उंबऱ्याबाहेर उभा राहिला. हातात मूर्ती, मूर्तीवर रुमाल. मागे आप्पा आणि काका "मोरया!" म्हणत होते. मी त्याच्या पायांवर पाणी घातलं, भाकरतुकडा ओवाळला. वर बघवेना. कुंकू लावायला हात उचलला तेव्हा तो जरा खाली वाकला आणि मला एकटीला ऐकू जाईल असं म्हणाला,

"पुढच्या वर्षी काय सांगणार आहेस, ते आत्ताच सांग. तसं बांधायला घेतो."