बोलून तपासलेली बॅटरी

विश्रांतवाडीहून सुजाताचा फोन आला, "काका, आई गेली." मी म्हणालो, "मला न विचारता?" कुसुमताई गायकवाड गेल्या त्याला आता तीन आठवडे झाले. त्यांच्या नारायण पेठेतल्या दुरुस्तीच्या खोलीत त्यांच्या परवानगीशिवाय एक स्क्रू हलत नसे. मृत्यूने परस्पर कारभार उरकला, याचा मला अजून राग आहे आणि तो मी सोडणार नाही.

पुण्याला समुद्र नाही. तरी बुडी मारून काम करणाऱ्या पाणबुड्यांचे बोलण्याचे संच इथे दुरुस्तीला येत, कारण आसपास धरणं आहेत आणि पेठेत ताई होत्या. धरणाच्या दाराशी उतरलेला माणूस तारेवरून काठावरच्याशी बोलतो. संच बंद पडला की तो एकटा. तेव्हा आयात नुकती खुली झाली होती आणि मी टाय लावून परदेशी संच विकत होतो. ताई जोडणीवरचा हिरवा गंज ब्रशने काढत, पाणी अडवणारी रबरी कडी बोटाने चाचपत आणि मग मला कामाला लावत. संच नुसता चालू ठेवला तर बॅटरी फारशी खात नाही, बोललं की खाते. म्हणून मी संचाचा माइकवाला मुखवटा लावून बोलत राहायचं आणि त्यांनी जिन्यात बसून ऐकायचं. पाणबुड्या जितका वेळ खाली राहणार, त्याच्या दुप्पट वेळ. मला वाटे, माझ्या किश्श्यांवर त्या खूश आहेत. "अहो विक्रेते, बॅटरीवर एवढा भार दुसरा कोणी टाकत नाही," त्या म्हणाल्या.

एकदा दुसऱ्या दिवशी सकाळी संपत नावाचा पाणबुड्या धरणाचं अडकलेलं दार बघायला उतरणार होता. संच मी विकलेला, नवा कोरा. मीटरवर बॅटरी भरलेली. ठेकेदार तपासणीच्या कागदावर सही मागत उभा. मी मावशीच्या लग्नाचा किस्सा सुरू केला. पंगत बसली, जिलबी येणार, तेवढ्यात… चाळिसाव्या मिनिटाला माझा आवाजच बुडाला. ती बॅटरी आमच्या गोदामात कित्येक महिने चार्ज न करता पडून आतून खराब झाली होती; नंतर चार्ज केल्यावर मीटरला भरलेली दिसे, पण टिकत नसे. चूक माझी. ठेकेदार म्हणाला, मीटर तर पूर्ण दाखवत होता, पुन्हा चार्ज करू, आणि काम अर्ध्या तासाचं आहे.

"खाली मीटर उतरणार आहे की माणूस?" ताईंनी विचारलं.

यापुढे एकही काम मिळणार नाही, असं त्याने सुनावलं. मीसुद्धा, सांगायला लाज वाटते, करून टाका सही म्हणालो. ताईंनी बॅटरी काढून मांडीवर ठेवली, डबा उघडला आणि सावकाश पोळी-भाजी खाल्ली. शेवटी ठेकेदार स्वतः दुसरी बॅटरी आणायला गेला. तिच्यावर मी मावशीला तिच्या नातवंडांपर्यंत पोचवलं, तेव्हा कुठे सही झाली आणि बॅटरी पुन्हा चार्जिंगला लागली. पुढे वर्षभर त्या ठेकेदाराने काम दिलं नाही. ताईंनी त्याची साधी चौकशीही केली नाही.

परवा त्यांच्या घरी संपत भेटला. केस पिकलेत. त्या दिवशी अर्ध्या तासाचं काम सव्वा तास चाललं हे मला ठाऊक होतं. ताई स्वतः पहाटेची एसटी पकडून धरणावर गेल्या होत्या, हे मात्र त्यांनी मला कधीच सांगितलं नव्हतं.

"पाय गाळात रुतला होता," संपत म्हणाला. "हात डोळ्यासमोर धरला तरी दिसत नव्हता. मी सारखा विचारत होतो, ऐकू येतंय का. बाई दर वेळी म्हणायच्या, येतंय, घाई करू नका. मागे ठेकेदार ओरडत होता, वेळ जातोय म्हणून. तेही मला खाली ऐकू येत होतं."

"मग?"

"बाई म्हणाल्या, त्यांच्याकडे लक्ष देऊ नका. संच चांगला चालतोय, एवढंच त्यातून समजा."